तलाव हिरवा का होतो?



वैशाखाच्या दिवसांत पाण्याविषयी बोलणाऱ्या वक्त्याचे एक भाग्य असे की, श्रोत्यांची अर्धी सहानुभूती त्याला बोलण्यापूर्वीच मिळालेली असते. परंतु आज मी ज्या पाण्याविषयी बोलणार आहे ते ना पिण्याचे, ना शेतीचे. शाळांना सुटी लागली की आपली मुले ज्यात दिवसातून एकदा तरी उडी मारतात, त्या पोहण्याच्या तलावातल्या पाण्याविषयी मला चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. विषय किरकोळ वाटेल. पण मूल पोहताना थोडेबहुत पाणी पोटात घेतेच, आणि त्याच पाण्यात दिवसभरात शेकडो माणसे उतरून गेलेली असतात, एवढे ध्यानात घेतले म्हणजे हा विषय वाटतो तितका किरकोळ राहत नाही.

आपल्यापैकी पुष्कळजण विहिरीत पोहायला शिकले असतील. कमरेला सुकलेला भोपळा किंवा पांगाऱ्याचा बिंडा बांधायचा आणि काकाने किंवा मामाने वरून ढकलून द्यायचे, अशी ती पाठशाळा. त्या विहिरीच्या पायऱ्यांवर शेवाळ असे, आणि त्यावरून घसरणे हा अभ्यासक्रमाचाच एक भाग होता. मग आजच तलावातल्या शेवाळाचा एवढा बाऊ कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, विहिरीला झरे असतात, मोटेने किंवा पंपाने पाणी उपसले जाते, नवे येते. आणि उतरणारी माणसे म्हणजे घरची आणि शेजारची पाचपंचवीस. नदीचे पाणी तर वाहतेच. सिमेंटच्या तलावात मात्र तेच पाणी महिनोन्‌महिने राहते. पंपाने ओढून गाळणीतून फिरवून पुन्हा तेच आत सोडले जाते. निसर्ग जे काम करतो, ते इथे माणसाला रोज हिशेबाने करावे लागते. तो हिशेब चुकला की पहिली बातमी शेवाळ देते.

हा हिशेब चुकण्याचे एक उदाहरण साऱ्या जगाने पाहिले आहे. २०१६ साली ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथे ऑलिंपिक सामने झाले. तेथे मारिया लेंक जलक्रीडा केंद्र नावाचे उघड्यावरचे केंद्र आहे. १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये उतरलेल्या ब्राझीलच्या जलतरणपटू मारिया लेंक यांचे नाव त्याला दिलेले आहे. तेथे शेजारी शेजारी दोन तलाव होते: एक उंचावरून सूर मारण्याचा, दुसरा वॉटर पोलोचा. ८ ऑगस्टला दोन्हींचे पाणी निळे दिसत होते. ९ ऑगस्टला स्त्रियांच्या दुहेरी सुरांची अंतिम फेरी झाली, तेव्हा सूर मारण्याचा तलाव गर्द हिरवा झाला होता. चीनच्या चेन रुओलिन आणि लिऊ हुइशिया यांनी त्या दिवशी सुवर्णपदक मिळविले. पण दुसऱ्या दिवशी पदकांपेक्षा पाण्याच्या रंगाचीच चर्चा अधिक झाली. पुढे दुसरा तलावही हिरवा होऊ लागला. अधिक क्लोरीन घातले गेले, तेव्हा वॉटर पोलोच्या खेळाडूंनी डोळे चुरचुरत असल्याची तक्रार केली. सूर मारण्याचा तलाव तर १२ तारखेला सकाळी सरावासाठी बंद ठेवावा लागला.

असे का झाले? या प्रश्नाला तीन उत्तरे मिळाली, आणि त्या तिन्हींचा क्रम आपल्याला उपयोगी आहे. पहिले उत्तर आले की, उष्मा होता, वारा नव्हता, म्हणून शेवाळ वाढले. दुसरे उत्तर जलक्रीडांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने दिले: पाणी शुद्ध करण्याची काही रसायने टाक्यांतून संपली होती आणि त्यामुळे पाण्याचा सामू नेहमीच्या मर्यादेबाहेर गेला होता. तिसरे उत्तर काही दिवसांनी आयोजकांनी दिले. ५ ऑगस्टला, म्हणजे उद्घाटनाच्याच दिवशी, तलावांत ८० लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतले गेले होते, आणि त्याने पाण्यातले क्लोरीन निकामी करून टाकले होते.

आता गंमत पाहा. क्लोरीन हे जंतुनाशक. हायड्रोजन पेरॉक्साइड हेही जंतुनाशक. जखम धुवायला आपण ते वापरतो. दोन वैद्य एकत्र आले म्हणजे रोगी दुप्पट वेगाने बरा होईल, असे आपल्याला वाटते. रसायनशास्त्रात तसे नाही. हे दोन्ही पदार्थ पाण्यात भेटले की परस्परांवरच तुटून पडतात आणि शेवटी पाणी, प्राणवायू व थोडे आम्ल एवढेच उरते. एक ग्रॅम पेरॉक्साइड सुमारे दोन ग्रॅम क्लोरीन संपविते. म्हणूनच पाण्यातले नको असलेले क्लोरीन काढून टाकण्यासाठी उद्योगधंद्यांत पेरॉक्साइड मुद्दाम वापरतात. रिओमध्ये तेच अजाणता घडले. चार दिवस पाणी निळे दिसत होते, पण त्याला पहारेकरी नव्हता. पाचव्या दिवशी ते रंगाने उघडे पडले.

आज मला जी एक गोष्ट आपल्यापुढे ठेवावयाची आहे, ती याच चार दिवसांत आहे. पाणी स्वच्छ दिसणे आणि पाणी सुरक्षित असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिरवा रंग हा रोगाचा आरंभ नव्हे; आधी होऊन गेलेल्या दुर्लक्षाची ती उशिरा आलेली पावती आहे.

शेवाळाचे बी कोठून येते? सगळीकडून. वाऱ्याबरोबर येते, पावसाच्या थेंबाबरोबर येते, पोहणाऱ्यांच्या कपड्यांना चिकटून येते, नव्याने भरलेल्या पाण्यातून येते. ते येऊ न देणे कोणाच्याही हातात नाही. आल्यावर त्याला ऊन, ऊब, आणि नत्र व स्फुरद यांचे खाद्य लागते. ऊन आपल्याकडे उदंड आहे. खाद्य आपणच पुरवितो: घाम, मूत्र, अंगावरचा मळ, झाडांची पाने. हे सारे अनुकूल असले म्हणजे शेवाळाला दुप्पट व्हायला एखादा दिवस पुरतो. मग त्याला रोखणारे एकच उरते: पाण्यात सतत असणारे क्लोरीन. 'सतत' हा शब्द महत्त्वाचा. सोमवारी भरपूर आणि गुरुवारी शून्य, याची सरासरी कितीही चांगली निघाली तरी शेवाळ सरासरी वाचीत नाही. त्याला गुरुवार पुरतो.

क्लोरीनचा शोध स्वीडनच्या शेले याने १७७४ मध्ये लावला. परंतु पोहण्याच्या पाण्यापर्यंत ते पोहोचायला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लागला. तोपर्यंत इंग्लंडमधील सार्वजनिक तलावांत पाणी भरायचे, काही दिवस वापरायचे आणि मग सोडून द्यायचे, अशी रीत असे. आणि पाणी जसजसे घाण होई तसतसे तिकीट स्वस्त होई! १९०८ साली अमेरिकेतील जर्सी सिटीच्या पाणीपुरवठ्यात डॉ. जॉन लील यांनी कायमस्वरूपी क्लोरीन मिसळण्यास सुरुवात केली. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, कोपनहेगन येथील एका बिअरच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत सोरेन्सेन या रसायनशास्त्रज्ञाने आम्लपणा मोजण्याची एक पट्टी तयार केली. तीच आपण आज सामू म्हणून ओळखतो. शून्याकडे आम्ल, चौदाकडे अल्क, आणि सात म्हणजे मध्यावर. या दोन गोष्टी एका वर्षाच्या अंतराने जन्मल्या, आणि तलावाच्या बाबतीत त्यांची जोडी फोडून चालत नाही.

ती का, हे सांगतो. क्लोरीन पाण्यात गेले की त्याची दोन रूपे होतात. एक हायपोक्लोरस आम्ल. हे जंतू आणि शेवाळ यांना मारण्यात फार तरबेज. दुसरे हायपोक्लोराइट, हे त्यामानाने फार मंद. कोणते रूप किती, हे सामू ठरवितो. सामू ७.२ असेल तर सुमारे दोन तृतीयांश क्लोरीन तरबेज रूपात असते. ७.५ ला निम्मे. ८ ला पाव. ८.५ ला जेमतेम दहावा हिस्सा. म्हणजे तलावात क्लोरीन तितकेच आहे, कागदावर आकडा तोच आहे, पण दहा शिपायांतले नऊ झोपलेले आहेत. म्हणूनच सामू ७.२ ते ७.८ यांच्या दरम्यान ठेवावा असे सांगतात. त्याहून खाली गेला तर डोळे चुरचुरतात, नळ गंजतात आणि सिमेंट झिजते.

येथे दोन दुष्टचक्रे आहेत. पहिले असे. आपल्याकडे पुष्कळ तलावांत ब्लीचिंग पावडर किंवा द्रव हायपोक्लोराइट वापरतात. ही दोन्ही सामू वाढवितात. सामू वाढला की क्लोरीनचा प्रभाव कमी होतो. प्रभाव कमी झाला म्हणून आणखी पावडर टाकतात, आणि सामू आणखी वाढतो. दुसरे चक्र शेवाळाचे स्वतःचे. हिरवी वनस्पती दिवसा पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खाते, आणि तो कमी झाला की सामू वर चढतो. म्हणजे शेवाळ एकदा वाढू लागले की आपल्या शत्रूची तलवार आपणच बोथट करून ठेवते. यावर उपाय म्हणजे सामू रोज मोजणे आणि वाढला असेल तर योग्य प्रमाणात आम्ल घालून तो खाली आणणे. क्लोरीन वाढविणे ही त्यानंतरची गोष्ट.

सामू एका जागी स्थिर राहावा म्हणून पाण्यात एक प्रकारची सोशिकता असावी लागते. रसायनज्ञ तिला अल्कता म्हणतात. लिटरमागे साधारण ८० ते १२० मिलिग्रॅम अल्कता असली म्हणजे थोडे आम्ल किंवा थोडा अल्क पडल्याने सामू एकदम उड्या मारीत नाही. ती कमी असेल तर वाढविण्याचे औषध आपल्या स्वयंपाकघरातच आहे: खाण्याचा सोडा. धुण्याचा सोडा मात्र सामूलाच एकदम वर नेतो. दोघांचे आडनाव एक असले तरी स्वभाव वेगळे आहेत.

तिसरा भागीदार सूर्य. भर दुपारच्या उन्हात उघड्या तलावातले क्लोरीन तासा-दोन तासांत बहुतांशी नाहीसे होते. म्हणून सकाळी एकदा पावडर टाकून दिवसभर निश्चिंत राहणे हे उन्हाळ्यात चालण्यासारखे नाही. संध्याकाळी मुख्य मात्रा द्यावी आणि दिवसा थोडे थोडे भरीत राहावे. क्लोरीनला उन्हापासून जपण्यासाठी सायन्युरिक आम्ल नावाचा एक पदार्थ वापरतात. लिटरला ३० ते ५० मिलिग्रॅम इतका तो पुरतो. पण बाजारात मिळणाऱ्या काही गोळ्यांत तो क्लोरीनच्या जोडीनेच असतो. रोज गोळ्या टाकल्या की तो साठत जातो. क्लोरीन उडून जाते, हा मात्र राहतो. फार साठला की क्लोरीन त्याच्या सावलीतच बसून राहते आणि काम करीनासे होते. मग थोडे पाणी सोडून नवे भरणे, हाच सोपा मार्ग.

आता थोडा हिशेब करू. समजा, तलाव २५ मीटर लांब, १२ मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल आहे. त्यात ४५० घनमीटर, म्हणजे साडेचार लाख लिटर पाणी झाले. लिटरला एक मिलिग्रॅम क्लोरीन हवे असेल तर ४५० ग्रॅम क्लोरीन लागेल. ताज्या ब्लीचिंग पावडरीत उपयोगी क्लोरीन सुमारे तिसरा हिस्सा असते. तेव्हा पावडर लागेल सुमारे १ किलो ३५० ग्रॅम. परंतु तेच पोते तोंड उघडे ठेवून दमट, उकाड्याच्या खोलीत महिनाभर पडले असेल, तर त्यातला दम केव्हाच निघून गेलेला असतो. माप तेच पडते, परिणाम मात्र होत नाही. म्हणून किती पावडर टाकली हे विचारू नये. पाण्यात किती क्लोरीन शिल्लक आहे हे विचारावे. सायन्युरिक आम्ल नसलेल्या तलावात ते लिटरला किमान एक आणि असलेल्या तलावात किमान दोन मिलिग्रॅम असावे. ते मोजण्याची गोळी मिळते. नमुन्यात ती टाकली की पाणी गुलाबी होते आणि गुलाबी रंगाच्या छटेवरून आकडा कळतो. पाच मिनिटांचे काम आहे.

आता आपल्या स्वतःच्या वाट्याकडे वळू. तलावाजवळ गेल्याबरोबर नाकात शिरणारा जो तीव्र वास, त्याला आपण 'क्लोरीनचा वास' म्हणतो आणि औषध फार झाले असे समजतो. वस्तुतः बहुतेक वेळा तो काम संपलेल्या क्लोरीनचा वास असतो. घाम आणि मूत्र यांतल्या नत्राशी क्लोरीन जोडले गेले की क्लोरामाइन तयार होतात; तेच नाकाला झोंबतात, तेच डोळे लाल करतात. तेव्हा वास जितका उग्र, तितकी उपयोगी क्लोरीनची चणचण असण्याचा संभव अधिक. तलावात उतरण्यापूर्वी अंघोळ करा, अशी पाटी सर्वत्र असते. आपण ती वाचतो आणि "पाण्यातच तर जायचे आहे!" असे म्हणून पुढे जातो. परंतु एका मिनिटाच्या त्या अंघोळीने क्लोरीनवरचा केवढा तरी भार उतरतो. लहान मुलांना तासातासाने बाहेर काढून मोरीकडे नेणे, हेही पाणी शुद्ध करण्याचेच काम आहे.

शेवाळ एकदा आलेच तर काय करावे? पुष्कळ ठिकाणी मोरचूद टाकतात. मोरचुदाने शेवाळ मरते, यात शंका नाही. पण रोगजंतू त्याने तितक्या लवकर आणि खात्रीने मरत नाहीत. म्हणजे हिरवेपणा, जो आपल्याला धोक्याची सूचना देत होता, तोच तेवढा पुसला जातो आणि धोका राहतो. तुरटीचेही तसेच. ती गढूळपणा तळाशी बसविते, पण जंतू मारीत नाही, आणि पाण्याची अल्कता मात्र खाते. दोन्हींना त्यांची त्यांची जागा आहे. ती क्लोरीनची जागा नव्हे. योग्य क्रम असा: तलाव बंद करावा; सामू ठिकाणावर आणावा; भिंती, कोपरे, शिड्यांच्या मागची जागा ब्रशाने घासून काढावी, कारण पाणी जेथे फिरत नाही तेथेच शेवाळ घर करते; मग संध्याकाळी क्लोरीनची मोठी मात्रा द्यावी; पंप रात्रंदिवस चालू ठेवावा आणि गाळणी वारंवार उलट्या प्रवाहाने धुवावी. पाणी निवळल्यावर आणि क्लोरीन पुन्हा नेहमीच्या पातळीवर आल्यावरच लोकांना आत सोडावे.

एक इशारा येथे दिलाच पाहिजे. ब्लीचिंग पावडर आणि आम्ल ही दोन कधीही एकत्र येऊ देऊ नयेत. त्यातून निघणारा वायू माणसाचा जीव घेऊ शकतो. दोन वेगवेगळ्या प्रकारची क्लोरीनची औषधेही एका भांड्यात मिसळू नयेत. ती पेट घेऊ शकतात. आणि औषध पाण्यात टाकावे, औषधावर पाणी ओतू नये.

हिरवे पाणी दिसायला वाईट, एवढाच त्याचा दोष असता तर मी आपला एवढा वेळ घेतला नसता. शेवाळाने पायऱ्या निसरड्या होतात. ते क्लोरीन खाऊन टाकते आणि रोगजंतूंना मोकळे रान मिळते. सर्वांत भयंकर म्हणजे पाणी गढूळ झाले की तळ दिसत नाही. बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही. ते मुकाट्याने खाली जाते. काठावरच्या जीवरक्षकाला तळ दिसत नसेल तर त्याचे पोहण्याचे कौशल्य काय कामाचे? म्हणून जगभर एक साधा नियम आहे: सर्वांत खोल जागेचा तळ काठावरून स्पष्ट दिसत नसेल तर तलाव बंद. रिओमध्येही कलात्मक जलतरणाच्या स्पर्धा सुरू होण्यापूर्वी हाच प्रश्न आला. पाण्याखाली एकमेकींना पाहिल्याशिवाय त्या खेळाडू एका तालावर हालचाल करणार कशा? शेवटी एका रात्रीत तो तलाव रिकामा करून शेजारच्या सरावाच्या तलावातले सुमारे ३७ लाख लिटर पाणी त्यात भरले गेले. आपल्या गावातल्या तलावाजवळ असा दुसरा तलाव तयार नसतो.

मग आपण नागरिकांनी काय करावे? रसायनशास्त्रज्ञ व्हावे असे मी म्हणत नाही. मुलाचे नाव नोंदविताना शुल्क विचारतो, वेळ विचारतो, शिक्षक कोण ते विचारतो; त्यांच्या जोडीला तीन प्रश्न विचारावे. आजचे क्लोरीन किती? आजचा सामू किती? आणि ते केव्हा मोजले? ज्या तलावावर हे आकडे दाराशी फळ्यावर रोज लिहिलेले असतील, तेथे निर्धास्तपणे जावे. जेथे उत्तर मिळेल की "पाणी अगदी स्वच्छ आहे, बघा ना, कसे निळे दिसते," तेथे त्या पाण्याकडे न पाहता नोंदवही पाहायला मागावी. ही मागणी भांडणाच्या सुरात करण्याचे कारण नाही. तलावावरचा कामगार पुष्कळदा अल्प वेतनावर, हाती मोजण्याची गोळीसुद्धा नसताना, केवळ अंदाजाने औषध टाकीत असतो. नागरिकांनी आकडे विचारू लागले की त्यालाही वरिष्ठांकडे साधने मागायला बळ येते.

रिओत माणसे होती, यंत्रे होती, पैसा होता. नव्हती ती ओतण्यापूर्वी विचार करण्याची आणि ओतल्यानंतर मोजण्याची शिस्त. ती शिस्त विकत घ्यावी लागत नाही. ती आपल्या गावातल्या लहानशा तलावालाही परवडणारी आहे, आणि या सुटीत आपण सर्वांनी मिळून तिची चौकशी सुरू करावी, एवढीच माझी विनंती आहे.